वारस परदेशी असल्याने

नोसिल, नववा चांद्रमास, पौर्णिमा

सोकजेच्या वडिलांस,

उलानबातरचा तुझा पत्ता तुझ्या दोकवोनकाकाच्या सुनेने दिला. तिने तो कोठून मिळविला, हे मी विचारले नाही. हे पत्र तुझ्या क्षेमकुशलाच्या चौकशीसाठी नाही. कुळाने मुलाविषयी काही ठरविले, तर ते त्याच्या जन्मदात्यास कळवावे असा विधी आहे. जन्मदाता विधीला मानत नसला, तरी विधी जन्मदात्याला मानतो. म्हणून लिहितो.

येत्या दहाव्या मासाच्या सप्तमीस मूळ पुरुषाच्या समाधीवर वार्षिक पूजा होईल. त्या वेळी पहिला पेला सोकजे अर्पण करील आणि थोरल्या घराचा वारस म्हणून त्यास पूर्वजांसमोर उभे केले जाईल. माझा देव आता एकच, मातीच्या ढिगापुढे गुडघे टेकणार नाही, असे म्हणून तू अकरा वर्षांपूर्वी उंबरा ओलांडलास, तेव्हापासून ती जागा रिकामी आहे. कुलसभेचे म्हणणे असे की, आता ती आणखी रिकामी ठेवता येत नाही. वारसाने थोरल्या घरातच राहावयाचे, वर्षभराची पितृपूजने करावयाची, दारी आलेल्याला उपाशी परत पाठवावयाचे नाही. मी एकोणिसाव्या वर्षी असाच वारस म्हणून या घरात बसलो तो अजून उठलेलो नाही, आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी प्रकृती उत्तम आहे. टेकडी चढताना दोकवोनचा थोरला हल्ली माझ्या मागे हात पसरून चालतो, ते केवळ आदरापोटी.

मुलगा बावीस वर्षांचा झाला. कापणीच्या सणाला आला होता. जेवण आटोपल्यावर मी त्यास कुलसभेचा निर्णय सांगितला. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. मला वाटले, संमती झाली. मग तो म्हणाला,

“आजोबा, मी येईन. सगळं करीन. पण त्याआधी एकदा तुम्ही माझा सामना बघायला या.”

“कसला सामना?”

“संगणकावरचा. विद्यापीठांची स्पर्धा आहे, आमचा संघ अंतिम फेरीत आलाय. देजॉनला, मोठ्या सभागृहात.”

“पडद्यावर बाहुल्या पळविणे, तो?”

“तोच. तुम्ही एका अक्षराच्या वळणासाठी जेवढा वेळ बसता ना, तेवढाच आम्ही एका बाहुलीच्या वळणासाठी बसतो.”

हे बोलणे उद्धटपणाचे होते. परंतु स्वयंपाकघरातून तुझी आई हसली, आणि मग रागावण्याची वेळ निघून गेली. ती म्हणाली, “जा की हो. त्याच्या शाळेच्या मैदानावरसुद्धा कधी पाऊल टाकलं नाहीत. तिथे काय विटाळ होणार आहे?”

आचार्यांनी आळस निषिद्ध मानला आहे, खेळ नव्हे. मी होकार दिला. तेव्हा त्याने एक अट घातली: शेवटपर्यंत बसावयाचे, मध्येच उठावयाचे नाही. “तुम्ही शेवटपर्यंत बसलात, की पूजेच्या दिवशी तुम्ही जो पेला हातात द्याल, तो मी उचलीन. मग पुन्हा कधी काही मागणार नाही.”

मी शब्द दिला. त्यानेही दिला. नंतर पंचांग पाहिले. सामना षष्ठीस आहे, पूजेच्या आदल्या दिवशी.

— सोकजेचा आजोबा

नोसिल, दहावा चांद्रमास, चतुर्थी

सोकजेच्या वडिलांस,

मागील पत्रास उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

आज सूर्योदयापासून पूजेपूर्वीचे शुचितेचे दिवस सुरू झाले. मद्य नाही, मांस नाही, वाद्य कानी पडू द्यावयाचे नाही, चित्त पूर्वजांवरून ढळू द्यावयाचे नाही. हे सर्व तुला ठाऊक आहे. लहानपणी या दिवसांत तू शेजारच्या घरी जाऊन कोंबडी खात असस, हेही मला ठाऊक आहे.

सकाळी दोकवोनचा फोन आला. कुळात माझ्याखालोखाल आता तोच वडील, आणि समाधीपुढे प्रार्थना वाचण्याचा मानही त्याचाच.

“दादा, षष्ठीला येतो. पाठाची एकदा तालीम करू. गेल्या वर्षी दोन ठिकाणी श्वास तुटला माझा.”

“षष्ठीला मी देजॉनला जाणार आहे.”

“आत्ता? शुचितेच्या दिवसांत? तिथे काय आहे?”

“तिथे नेत्रवैद्य चांगले आहेत.”

हे असत्य नाही. देजॉनचे नेत्रवैद्य चांगले आहेत असे सर्वच म्हणतात.

माझा बेत असा आहे. पाचांपैकी तीन डाव जिंकणारा विजयी, असा त्या खेळाचा नियम आहे. एक संघ अधिक बलवान असला, तर तिसऱ्या डावातच निकाल लागेल आणि मी दुपारच्या गाडीने परतेन. सोकजेचा संघ दुर्बळ निघावा, अशी इच्छा मी करीत नाही. मनात येते, ती बाजूला सारतो.

वेगवान गाडीत, षष्ठी, दिवेलागण

सोकजेच्या वडिलांस,

अक्षर हलते आहे, ते गाडीमुळे. मुलगा शेजारच्या आसनावर डोके मागे टाकून झोपला आहे. बोटांच्या पेरांवर चिकटपट्ट्या आहेत. झोपेतही उजव्या हाताची दोन बोटे हलतात.

प्रथम माझी चूक सांगतो. दारावरच्या स्वयंसेवकाने विचारले, “आजोबा, कुठे बसवू?” मी अंगरखा आणि घोड्याच्या केसांची काळी टोपी घालून गेलो होतो, मोठ्या सभेस जाताना दुसरे काय घालावयाचे? मी म्हणालो, “वयाने ज्येष्ठ असणाऱ्यास जेथे बसवितात, तेथे.” त्या बिचाऱ्याने मनापासून विचार केला आणि मला व्यासपीठासमोर, भर मधल्या ओळीत, भर मध्यभागी नेऊन बसविले. आपल्याकडे ज्येष्ठाची जागा मध्यभागी असते हे खरे, परंतु आपल्याकडे मध्यभागातून बाहेर पडण्यास वाट असते. येथे डावीकडे वीस-पंचवीस गुडघे आणि उजवीकडे तितकेच. प्रत्येक गुडघ्यावर तळलेल्या कोंबडीचा डबा. मग दिवे विझले आणि ढोल सुरू झाले. वाद्य, मांस आणि मद्याचा वास, तिन्ही एका क्षणात. मी डोळे मिटले, तर छातीत ढोल वाजू लागला.

शेजारी सोकजेच्याच विद्यापीठातली एक मुलगी होती, दान्बी नावाची. तिच्यापलीकडे तिचा मित्र जूनप्यो.

“आजोबा, चुकून आलात का? सनईचौघड्याचा कार्यक्रम शेजारच्या सभागृहात आहे.”

“चुकून नाही.”

“मग कोंबडी घ्या.”

“घेता येत नाही.”

“दातांमुळे?” जूनप्योने विचारले.

“पूर्वजांमुळे.”

“बरंय,” तो म्हणाला, “आमच्याकडे नुसते बाबाच नको म्हणतात.” दान्बीने त्याला कोपराने ढोसले.

पाच-पाच मुले दोन्ही बाजूंस येऊन बसली. बसण्यापूर्वी दोन्ही संघांनी समोरासमोर उभे राहून वाकून नमस्कार केला. मला ते अपेक्षित नव्हते. प्राचीन काळी सज्जन शरसंधानाला उभे राहत, तेव्हा आधी नमस्कार करीत आणि नंतरही, हे तुला मी शिकविले होते. तू विसरला असशील. प्रत्येकाची जागा ठरलेली, कान झाकलेले, पाठ ताठ. समाधीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जण इतके ताठ उभे राहतात, असा विचार मनात आला आणि शुचितेच्या दिवसांत असा विचार करणे योग्य की अयोग्य, हे मला ठरविता आले नाही.

खेळ सोपा आहे. दोन गढ्या आहेत. समोरची पाडावयाची, आपली राखावयाची. मुलाकडे गढी राखण्याचे काम होते. बाकीचे चौघे रानावनांत हिंडत. हा दाराशी उभा. मी दान्बीला विचारले, “याला बाहेर जाता येत नाही का?”

“येतं की. पण हा गेला तर घर पडतं ना. याच्यामुळेच तर आम्ही इथवर आलोय.”

पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात तीन शत्रू एकदम गढीवर चालून आले, आणि मुलाने एकट्याने काय केले ते मला दिसले नाही. दिसले एवढेच की तिघेही पडले आणि सगळे सभागृह उभे राहिले. वर्णन करणारा निवेदक एक नाव ओरडला. त्यामागून हजारो तोंडे तेच नाव ओरडू लागली, ढोलाच्या तालावर, पुन्हा पुन्हा.

“इन-ग्यू! इन-ग्यू! इन-ग्यू!”

ही मुले स्वतःच्या नावाने खेळत नाहीत. प्रत्येक जण एक नाव धारण करतो. पडद्यावर त्याच्या चेहऱ्याखाली तीन हात लांब अक्षरांत ते लिहिले होते. मला दूरचे नीट दिसत नाही. (नेत्रवैद्याकडे खरोखरच जावयास हवे होते.) म्हणून तोवर मी ते वाचले नव्हते.

तुला हे ठाऊक होते काय? तुमचे फोनवर बोलणे होते, हे मला माहीत आहे. मी विचारीत नाही, म्हणून माहीत नाही असे नाही.

बापाचे नाव मुलाने उच्चारू नये. कोणी विचारलेच, तर अक्षरे सुटी करून सांगावीत, आणि तीही मान लववून. हे मी त्याला सातव्या वर्षी शिकविले. बापाला मात्र मुलाचे नाव उच्चारण्यास कोणताही निषेध नाही. अकरा वर्षे मी ते उच्चारले नाही, ते निषेधामुळे नव्हे.

दान्बीने माझ्या हातांत एक फलक दिला. तिने रात्ररात्र बसून रंगविलेला होता. त्यावर तेच नाव, भोवती फुले. “आजोबा, माझे हात भरून आलेत, जरा धरा ना!” मी धरला. खाली ठेवावा, तर नाव पायाशी येणार. वर धरावा, तर सर्वांना दिसणार. मी तो छातीशी धरून बसलो. नेमका तेव्हाच कॅमेरा आमच्या ओळीवरून फिरला. समोरच्या पडद्यावर एक म्हातारा आला, काळी टोपी, पांढरा अंगरखा, उराशी फुलांचा फलक. सभागृहात हशा पिकला, टाळ्या झाल्या. निवेदक ओरडला, “जोसन राजांच्या काळातून एक चाहते खास आले आहेत!”

“आजोबा, तुम्ही इनग्यूचे कोण?” दान्बीने विचारले.

“बाप,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, मग मुलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अगंबाई,” ती जूनप्योला म्हणाली, “लोकांना किती उशिरा मुलं होतात!”

तो डाव जिंकला. तिसरा गेला. चौथा जिंकला. प्रत्येक डावानंतर मला उठता आले असते. वीस-पंचवीस गुडघ्यांनी वाट दिली असती. शब्द दिला नसता, तर मी उठलो असतो, असे मी स्वतःला सांगत होतो. खिशात फोन थरथरत होता, दोकवोनचा. हे सामने फोनवरही दिसतात, आणि त्याच्या नातवंडांना दिवसभर दुसरे काम नसते. मी तो उचलला नाही. एकीकडे पूर्वज, दुसरीकडे शब्द. आणि शब्द पाळावा हेही मला पूर्वजांनीच शिकविलेले. मी कोणत्या बाजूने उठणार होतो?

पाचवा डाव ते हरले. मुलाची गढी पडली, तेव्हा तो शेवटपर्यंत दाराशीच होता. त्याने कानांवरचे झाकण काढले, उभा राहिला, समोरच्यांना वाकून नमस्कार केला. 

मागल्या दाराशी मी त्याची वाट पाहत होतो. त्याच्याशी एक गृहस्थ बोलत होते. सोलच्या एका व्यावसायिक संघाचे ते प्रशिक्षक होते. “हरलास ते सोड. पुढच्या सोमवारपासून येशील? राहणं, जेवण, सगळं आमच्याकडे.” मी जिन्याच्या आडोशास होतो, त्याने मला पाहिले नव्हते. म्हणून सांगतो, तो जे बोलला, ते मला ऐकविण्यासाठी नव्हते.

“माफ करा, सर. घरी काम आहे.”

यजमानाने दिलेला दुसरा चहा नाकारावा, तसे.

मग त्याने मला पाहिले. जवळ आला, दोन्ही हातांनी माझी पिशवी घेतली. “बसलात शेवटपर्यंत. चला, आजोबा. गाडी चुकेल.”

गाडीत बसल्यावर मी विचारले, “ते नाव का घेतलेस?”

“मी कुठे घेतलं? मुलानं बापाचं नाव घ्यायचं नाही. मी कधीच घेतलं नाही, आजोबा. एकदासुद्धा नाही.” त्याने बोटावरची सुटलेली चिकटपट्टी पुन्हा दाबून बसविली. “घरात कुणीच घेत नाही. म्हटलं, कुठेतरी कानावर पडावं.”

त्यानंतर तो झोपला. मला हवे होते ते सर्व मला मिळाले आहे. वारस माझ्या शेजारी आहे. तो उद्या पेला उचलील, परवा राहील, आणि माझ्यासारखाच पुन्हा उठणार नाही. स्थानक जवळ येत आहे. गाडी थोडी मंद चालावी असे वाटते.

नोसिल, अष्टमी

इनग्यू,

पूजा झाली. जे घडले ते तुला दुसऱ्या कोणाकडून विपरीत कळण्यापूर्वी मीच कळवितो.

समाधीपुढे वाचावयाची प्रार्थना दरवर्षी मी पूजेच्या दिवशी पहाटे नव्याने लिहितो. कालही लिहिली. दोकवोन टेकडीवर आला तोच फुरंगटून. “नेत्रवैद्य छान दिसत होते हो, दादा, पडद्यावर! आमचा धाकटा विचारतोय, फुलांचा फलक कुठे मिळतो.” परंतु त्याने चारचौघांत विषय वाढविला नाही. वारस मिळणार होता, त्यापुढे एका म्हाताऱ्याची मोडलेली शुचिता कुळाला चालणार होती. मला हे आधी ठाऊक असते, तर दोन दिवस कमी पश्चात्ताप केला असता.

सोकजे पोशाखात उभा राहिला. तांदळाच्या मद्याने भरलेला पेला त्याने दोन्ही हातांनी उचलला. सर्व मंडळी गुडघ्यांवर बसली. दोकवोनने कागद उघडला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. प्रार्थना एकदा सुरू झाली, की मध्ये थांबावयाचे नाही. पूर्वजांसमोर अर्धे वाक्य सोडणे यासारखा दुसरा अपचार नाही. पूर्वजांसमोर सर्वच लहान, म्हणून तेथे प्रत्येकाचे नाव जसेच्या तसे घ्यावे लागते. दोकवोन दुसऱ्या ओळीपाशी आला. त्याची मान ताठ झाली. पण तो थांबू शकला नाही.

“...वारस इनग्यू परदेशी असल्याने, त्याच्या आज्ञेवरून, त्याचा पुत्र सोकजे त्याच्या वतीने हा पेला अर्पण करीत आहे...”

हा पाठ माझ्या मनचा नाही. घरचा वारस राजाच्या कामाने दूर गेलेला असता, किंवा अंथरुणास खिळलेला असता, मुलाने वा भावाने त्याच्या वतीने पूजा करावी, अशी जुनी रीत आहे. आपल्या कुळात ती चार पिढ्यांत वापरली गेली नव्हती, एवढेच. वतीने पेला उचलणारा वारस होत नाही. तो उचलतो, ठेवतो आणि आपल्या कामाला जातो.

सोकजेचा पेला हवेतच थांबला. मद्य अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळले. मग त्याने तो ठेवला आणि कपाळ गवताला लावले. तो इतका वेळ तसाच राहिला, की शेवटी दोकवोनला खाकरावे लागले.

प्रसादाची पाने मांडण्यापूर्वीच भडका उडाला.

“दादा, हे काय केलंत? अकरा वर्षांनी त्याचं नाव, आणि तेही माझ्या तोंडून!”

“परदेशी माणूस परदेशी आहे, एवढेच पूर्वजांना कळविले.”

“तो येऊन गुडघे टेकणार आहे का?”

“ते त्याने ठरवावे.”

“मग घर कोण राखणार?”

“मी बसलो आहे.”

“किती दिवस बसणार? टेकडी चढताना माझा पोरगा मागे हात धरून असतो तुमच्या!” सगळ्यांदेखत तो असे म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो काही न खाता उतरून गेला. त्याच्यामागे निम्मी मंडळी गेली. तुझ्या आईने त्यांच्या वाटची पाने बांधून घरोघर पोचविली. जाताना मला एवढेच म्हणाली, “माझ्या लेकाचं नाव किती छान ऐकू आलं हो.”

दुपारी सोकजेला मी म्हणालो, “त्या प्रशिक्षकाला कळव, घरचे काम झाले.”

तो पिशवी भरत होता. थांबला. “आजोबा, बाबांनी खरंच आज्ञा दिली होती? त्यांना विचारलंत तुम्ही?”

मी म्हणालो, “बस निघून जाईल.”

तो गेला. वळणापर्यंत तीनदा मागे पाहिले त्याने. आनंद झाला असावा. पण आपण सुटलो की कोणी तरी आपल्या जागी अडकले, हे त्याला उमगत नव्हते. त्याला शंका घेऊन जगता येणार नाही. तो त्या बाबतीत माझ्यावर गेला आहे.

म्हणून हे पत्र. मी पूर्वजांसमोर असत्य वदलो. तू कोणतीही आज्ञा दिली नव्हतीस. आयुष्यभर जे ग्रंथ वाचले, त्यांत या कृत्याला क्षमा कोठे आहे हे मी कालपासून शोधत आहे. अद्याप सापडलेली नाही. परंतु हे असत्य मागाहून सत्य करणे तुझ्या हाती आहे. सोकजेला फोन कर आणि सांग, होय, मी सांगितले होते. तुझ्या देवापुढे ते खोटे ठरत असेल, तर आधी मनात आज्ञा दे आणि मग सांग. तो क्रम चालत असावा.

तुझ्यावर मी काही लादलेले नाही, असे म्हणणार नाही. लादले आहे. पण तू ये, असे मी लिहीत नाही, आणि गुडघे टेक असेही नाही. या व्यवस्थेत वारसाने दूर असावे, एवढेच त्याचे काम. ते तू अकरा वर्षे चोख करीत आला आहेस. दाराशी मी आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. वतीने करण्याची ही मुभा वारस जिवंत असेपर्यंतच असते. तू आहेस, तोवर मुलगा मोकळा आहे. नंतर कुळ त्याच्याकडे येईल, आणि तेव्हा आड यावयास मी नसेन. तुझ्याकडे आतापासूनच नद्या गोठतात, असे सोकजे सांगत होता. तेथे तू बांधकामावर असतोस, असेही तो म्हणाला; उंचावर चढताना दोर बांधत जा. मद्य घेऊ नकोस; घेतलेसच तर उबेत घे. खोकला असेल तर औषध घे, प्रार्थनेवर सोडू नकोस. तू जितकी वर्षे जगशील, तितकी त्याची आहेत.

— तुझा बाप